एकदाच

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकतीस पासपोर्ट,
त्यांना एक लाल रबर, आणि डबा माझ्या मांडीवर.
शेजारणीनं सांभाळायला दिलेलं तान्हं मूल असावं
तसा मी त्यावर हात ठेवून बसते, बावेत येईपर्यंत.

नॉम पेन्हहून साडेसहाची बस.
माझं नाव चान्थू, असं मी माइकवर सांगते,
मग पाण्याच्या बाटल्या, गार रुमाल,
मग तो प्रश्न, तीन भाषांत, तिन्ही मोडक्या:
व्हिएतनामात परत कोण कोण शिरणार?
कागद दाखवा. हा नाही, दुसरा.

सुट्टीवरच्या माणसाला दोन देश म्हणजे
एका घराच्या दोन खोल्या वाटतात.
इकडे चार दिवस देवळं, तिकडे दहा दिवस समुद्र,
मध्ये फक्त उंबरा.
उंबऱ्यावर बसू नये म्हणतात.
इथे माणसं तासन्‌तास बसतात, स्वतःच्या बॅगेवर,
कसिनोच्या पाटीचे दिवे भर उन्हात लुकलुकताना बघत.

एकजण मला म्हणाला होता, नदीला कुठे व्हिसा लागतो?
खरंय. पण नदीला परतीचं विमानही नसतं, साहेब.
फोटो आणलात का, चार बाय सहा?

मार्चमधला शुक्रवार. आसन अकरा आणि बारा.
ओफेलिया आणि नेस्तोर, अर्जेंटिनातल्या रोसारिओचे,
दोघंही शाळेतून नुकते निवृत्त.
तिनं कच्चा आंबा तिखटमिठाला लावून खाल्ला
आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली.
त्याच्या खिशात आठ घड्यांचा कागद.
नाव बरोबर. तारीख बरोबर. नाकाही बरोबर.
खाली, मुंगीएवढ्या अक्षरात,
प्रवेश: एकदाच.

एकदा ते गेलेच होते. हनोईत उतरले तेव्हा.
सारं घोडं त्या "च"पाशी अडतं.
गोष्टी "एकदा"नं सुरू होतात,
त्याला एक अक्षर चिकटलं की गोष्ट तिथंच थांबते.

रोज मी कागद नॉम पेन्हलाच बघते, बस सुटायच्या आधी.
त्या दिवशी नाही बघितला.
मुलीला ताप होता, मी फोनवर होते,
रबर लावलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, चल.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

निघाल्याचा शिक्का बसायच्या आधी
दोघांना खाली उतरवलं, एवढं तरी जमलं.
नाही तर दोन खिडक्यांमधल्या त्या डांबरी पट्ट्यात
ना इकडचे, ना तिकडचे.
नवा अर्ज म्हणजे कामाचे तीन दिवस,
पुढे शनिवार, रविवार.
सायगावहून त्यांचं विमान उद्या रात्री.

नेस्तोर मोठ्यानं बोलला. बोलणारच.
ओफेलियानं मात्र माझा पासपोर्ट मागितला,
सहज, एखादीच्या बांगड्या बघाव्यात तसा.
पानोपान चाळला: इकडचा शिक्का, तिकडचा शिक्का,
एकावर एक, कोपऱ्यात, तिरपे, उलटे.
माझा पासपोर्ट तारखेनं संपत नाही, पानांनी संपतो.
"किती फिरतेस गं!" ती म्हणाली.
सायगावात मी बसच्या मागच्या सीटवर झोपते
आणि पहाटे परत निघते.
समुद्र मी पाहिलेला नाही. तेही सांगितलं नाही.

सोफलच्या भाताच्या टपरीवर त्यांना बसवलं,
पंखा त्यांच्याकडे वळवला,
सोफलला म्हटलं, पैसे माझ्याकडून घे.
शनिवारी परतताना टपरीवर कुणी नव्हतं.
सोफल म्हणाला, रिक्षा करून राजधानीला गेले,
पैसे देऊन गेले, आणि आंब्याचं काय नाव ते विचारत होते.

त्या दुपारी पुढे डब्यात एकोणतीस.
तेच रबर, पण दोन पासपोर्टांएवढं सैल.

आता मी प्रत्येक कागद दोनदा बघते.
मुलगी म्हणते, आई, तू झोपेत काहीतरी मोजतेस
आणि तिसाव्यापाशी अडखळतेस.